टाक्यापाशीचे तीन दगड

आबा, परवा तुमच्यासारखी चालून आले, असं लिहिलं होतं. खोडलं. तुम्ही मेंढरांना चारा मिळावा म्हणून खुलताबादच्या डोंगरातून घाटापर्यंत चालायचात. मी शहरातून, गारखेड्यातल्या घरून, रजा टाकून, चौदा किलोची सॅक पाठीवर घेऊन सह्याद्रीच्या धारेवर नऊ दिवस हौसेनं चालले. सोबत शहरातले सात जण होते आणि मी त्यांची म्होरकी. आमचा एक नियम आहे: मुक्काम हलवताना माणसाची कुठलीही खूण मागं ठेवायची नाही. त्या नियमाचा मला अभिमान आहे. होता, म्हणावं का, ते अजून ठरत नाही.

मी आठ-नऊ वर्षांची असेन. सकाळी तळ हलतो आहे, घोड्यावर बिऱ्हाड चढलं आहे, आणि मी गंमत म्हणून चुलीचे दगड लाथेनं उडवते. दोन शेतं ओलांडल्यावर मीच हसत तुम्हाला ते सांगते. तुम्ही थांबता. "मागून येनाऱ्यानं तळहातावर भाकर भाजायची व्हय? जा, मांडून ये." आई कळपासोबत पुढं गेली. तुम्ही काठीवर हनुवटी टेकून माझ्यासाठी उभे राहिलात. मी दगड मांडून परतल्यावर एवढंच विचारलंत, "चार काटक्या ठिवल्या का?"

सहाव्या दिवशी सकाळी, कातळात खोदलेल्या पाण्याच्या टाक्यापाशी मला तसेच तीन काळे दगड दिसले. खाली सुक्या काटक्या, वर झाकायला चपटा दगड. कुणाचं काम ते मला लगेच कळलं होतं. तरी सगळ्यांच्या देखत मी दगड कड्यावरून ढकलले, काटक्या भिरकावल्या, राख पुसली. सगळ्यांनी फोटो काढले.

तासाभराचा उतार उतरलो, तर मेंढरं घेऊन एक कुटुंब वर येत होतं. बाईच्या पाठीला तान्हं. माझ्या सॅककडं बघून ती हसली, "समदं पाठीवर? घोडं कुठं मेलं, ताई?" आमचे लोक हसले, मीही हसले. मग तिनं विचारलं, "वर टाक्यापाशी आमची चूल हाय नव्हं? मागल्या साली नाल्यातून दगडं वाहून नेली. वर कातळावर सुटा दगड नाय घावत."

"हाय," मी म्हणाले.

तुमच्या बोलीत म्हणाले, आबा. कितीतरी वर्षांनी तो शब्द तोंडात आला, आणि आला तो खोटं बोलायला. खरं सांगितलं असतं तर नाल्यातून तीन दगड आम्हीच वर नेऊन दिले असते. तासाभराची चढण, आठ माणसं. उशीर होईल म्हणून खरं सांगितलं नाही, असं मी स्वतःला सांगत आले. ते खरं नाही. ती चूल मागून येणाऱ्यासाठी ठेवलेली असते हे तुला माहीत होतं का, असं कुणीतरी विचारलं असतं, आणि मी कुणाची मुलगी ते सांगावं लागलं असतं. हे लोक मला सहा वर्षांपासून ओळखतात.

वळणावर मागं पाहिलं. ती बाळाला सावरत चढत होती. वर तिच्यासाठी चूल उरली नव्हती, आणि मला ती मांडायला परत पाठवून वाट बघणारं या वेळी कुणी नव्हतं.

हा कागद रोजनिशीत, त्या दिवसाच्या पानात घालून ठेवते आहे. त्या पानावर मी एकच ओळ लिहिली आहे: "मुक्काम स्वच्छ केला." ती अजून खोडलेली नाही.