फणसाखालचं काडु

आई, मागच्या अंगणातल्या तुझ्या काडुचं सांगायचंय. घरात दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही. फणसाच्या सावलीत तू लावलेली अबोली, लाल चेंडूची लिली, भुईचाफा, त्या सगळ्या जागेला तू काडु म्हणायचीस, तमिळमधलं रान. मला आठवतं, पंगुनी महिना आहे, उन्हाळ्याचं तोंड, एक पान दिसत नाही, आणि कोरड्या मातीतून थेट पांढरं-जांभळं फूल वर आलंय. मी पाय टाकायला जाते तर तू दंड धरतेस. "तिथं झोपलेत ते, तुडवू नको." तेव्हापासून मला भुईचाफाच सगळ्यात आवडतो.

आता घरात चित्ती आहे. तू गेल्यावर आप्पांनी परत लग्न केलं. पापनाशमची, आपल्यातलीच, तमिळ मुलखातली मराठी. माझं पान आधी वाढते, शाळा का सोडलीस म्हणून कधी विचारत नाही. एवढी चांगली कशाला वागते, तेच मला कळत नाही. पंगुनीच्या आधीच्या मासी महिन्यात ती कुदळ घेऊन काडुत बसलेली दिसली, नेमकी भुईचाफ्याच्या जागेवर. मी खिडकीतून बघत राहिले. मग फोनवर तिच्या आईला म्हणाली, "सगळं काढू." दुसऱ्या दिवशी तिच्या भावाच्या मोपेडवरून एक गोणी गेली. त्यानंतर ती मागं गेली की मी पण कपडे वाळत घालायला मागं जायचे, कपडे नसले तरी.

शेवटी आप्पांना सांगितलं. त्यांनी जेवताना विचारलं. चित्ती रसम वाढत होती, हात काही थांबला नाही. "काढू नाही हो, काडु म्हटलं मी. सगळं काडु झालंय, पाय ठेवायला जागा नाही, असं आईला सांगत होते." आप्पा हसले. जरा जास्तच हसले. आपल्या घरात ते दोन शब्द बोलताना एकसारखेच येतात. पण मग गोणीत काय होतं?

पंगुनी संपून चित्रै महिना लागल्यावर ती मला बसनं पापनाशमला घेऊन गेली. तिच्या आईच्या घरामागं, चिंचेखाली, तुझा भुईचाफा. बघताक्षणी ओळखला. मी काही बोलायच्या आधी तीच म्हणाली, "काढूच म्हटलं होतं. आप्पा फणस पाडणारेत, खोली बांधायला. तू जेवण सोडशील म्हणून सांगू नको म्हणाले. ऊन पडलं असतं तर जळले असते गं हे."

मग त्या दिवशी खोटं का बोललीस, मी विचारलं. तुझ्यासमोर त्यांना कशाला उघडं पाडू, म्हणाली.

फणस गेला. झाडाला कीड होती, असं आप्पा आता म्हणतात. मी कीड बघितली नाही. आणि ती खोली चित्तीच्या भावासाठी तर नसेल, असंही मनात येतं. दोघांवर लक्ष ठेवूनच आहे मी.

तुझ्यापर्यंत जायची सोय असती तरी हे पाठवलं नसतं, आई. पापनाशमला आपल्या घरच्यापेक्षा जास्त फुलं आलीत, आणि तू कंदांभोवती ओंजळीनं माती दाबायचीस, ती कशी दाबायची ते मी चित्तीला दाखवून आले.