ब्रीदरला लावलेलं बूच

आर्वी, रविवार, २५ जून २०००

प्रिय योगेंद्र,

हे पत्र पोस्टाने न येता तुझ्या जीपच्या सीटवर कसं सापडलं, ते शेवटी सांगतो. पण आधी शेवट वाचायला जाऊ नकोस. लहानपणी तू गोष्टीच्या पुस्तकाची शेवटची पानं आधी वाचायचास आणि मला सांगून मोकळा व्हायचास, त्यावरून मी तुझे कान उपटलेले आहेत. आता कान हाताशी नाहीत, म्हणून विनंती करतो. रागावशील हे ठाऊक आहे. रागाव, पण पत्र संपवून मग.

उद्या सव्वीस तारीख, शाळा उघडणार. तुझ्या दोन्ही जीप सकाळी खेड्यांवरची पोरं भरून उतारावरून नाल्याकडे निघणार, आणि यंदा पहिलीत गेलेली तुझी रुचिका पुढच्या सीटवर बसणार. मला त्या उताराची भीती वाटते. पंधरा दिवसांपूर्वी तिला दप्तर घेऊन आलो होतो, तेव्हा सवयीने तुझ्या गाडीखाली वाकलो. माणसं कोणाच्या घरी गेली की पंखा कुठे आहे ते बघतात, मी गाडीखाली बघतो. मागच्या एक्सलवर, वरच्या अंगाला, आतल्या हवेला वाट देणारं बोटाच्या पेराएवढं ब्रीदर असतं, त्याच्या तोंडात तू औषधाच्या बाटलीचं रबरी बूच ठोकून बसवलं होतंस. दुसऱ्या गाडीलाही तेच. गिअरबॉक्सच्या ब्रीदरलाही सोडलं नव्हतंस.

तुझं कारणही मला पटण्यासारखं होतं. गेल्या वर्षी नाल्यात गाडी उतरली, तापलेला एक्सल गार पाण्यात बुडाला, आत पाणी ओढलं गेलं, तेलाचा दुधाळ चहा झाला आणि आतले दाते झिजून क्राऊन-पिनियन गेलं. महिनाभर गाडी उभी होती. मी म्हटलं, बूच काढ, नवं ब्रीदर लाव, त्याला रबरी पाइप जोडून पाण्याच्या वर ने. तू हसलास. वर म्हणालास, "दादा, बूच लावल्यानं कोनी मरत नाई. बाबाचे सील खराब होते म्हनून मावशी गेली. माह्या गाडीचे सील कोरे हाय." मला तिथेच बोलायला हवं होतं. मी काय केलं, तर रुचिकाच्या आईने दिलेला चहा प्यायलो आणि घरची, अल्लीपूरची गाडी पकडली. त्यानंतर तुला दोनदा शेजाऱ्यांकडे फोन केला. दोन्ही वेळा तू आलास, आणि मी पावसापाण्याची चौकशी करून फोन ठेवला.

बाबा हे काम कसं शिकवायचे ते तुला आठवतं का? तू सातवीत असशील. गॅरेजमध्ये एक ड्रायव्हर भांडत होता की ब्रीदरला भोक कशाला, त्यातून धूळ जाते. बाबांनी त्याचं नाक चिमटीत धरलं आणि म्हणाले, "तुह्यं नाक-तोंड दाबून तुले धावाले लावलं तं काय होईन? तसंच हाय हे. गाडी तापली का आतली हवा फुगते. तिले वरून वाट नाई भेटली तं ते चाकाकडून वाट काढते, अन् जाताना तेल घेऊन जाते." ते तेल कुठे जातं? चाकाशी तेल अडवून धरणाऱ्या हब सीलमधून थेट ब्रेकवर. सील कोरं असो की जुनं, दाबापुढे त्याचं काही चालत नाही. एवढं सगळं तूही ऐकलं आहेस. पण ऐकलेलं आणि पटलेलं यांत फरक असतो, आणि तुला ते का पटलं नाही याचं कारण मी आहे.

ते घडलं तेव्हा मी सव्वीस-सत्तावीस वर्षांचा होतो. आपल्या गावच्या नाल्यातून जीप काढायची म्हणजे आधी ब्रीदरमध्ये ग्रीस लावलेला कापसाचा बोळा घालायचा आणि पलीकडे गेलं की काढायचा. तो विसरू नये म्हणून बाबांचा नियम होता: ज्याने बोळा घातला त्याने उजव्या पायातली चप्पल काढून ड्रायव्हरसमोर काचेखाली ठेवायची. बोळा निघेपर्यंत चप्पल पायात नाही. गावात लोक बाबांना हसायचे. पुंडलिकरावांच्या जीपला चप्पल दाखवल्याशिवाय ती चालत नाही म्हणायचे. पण दहा वर्षांत एकदाही बोळा आत राहिला नाही.

आता त्र्याण्णवच्या भाद्रपदाकडे येतो. केळझरच्या गणपतीला आपण सगळे निघालो होतो. आई, जिजामावशी, मागच्या फळीवर तू, आणि माझ्याशी लग्नाला तीन महिने झालेली सपना. स्टिअरिंगवर बाबा. नाल्याला गुडघाभर पाणी होतं. बाबा बायकांना बसवून देत होते, तेवढ्यात नेहमीप्रमाणे मी मागे गेलो आणि बोळा घातला. मग चप्पल काढायची वेळ आली. पण त्या दिवशी माझ्या पायात चप्पल नव्हती, सासरहून आलेले तपकिरी बूट होते, नवे मोजे होते, आणि सपना माझ्याकडे बघत होती. एका पायात बूट आणि एका पायात चिखलाचा मोजा, असं ध्यान तिच्यासमोर करायची मला लाज वाटली. म्हटलं, पलीकडे गेल्यावर लगेच काढतो, त्यात काय एवढं. पलीकडे गेल्यावर मावशीने सपनाला उखाणा घ्यायला लावला. तिने माझं नाव घेतलं. सगळे हसले, मीही हसलो. बाबांनी काचेखाली पाहिलं, तिथे काही नव्हतं, म्हणजे बोळा निघाला असं समजून ते निर्धास्त निघाले.

होय. बोळा मी घातला होता आणि मीच विसरलो होतो.

वर्धेवरून केळझरपर्यंत भरल्या गाडीने एक्सल तापत राहिला आणि तेल डाव्या चाकात उतरत राहिलं. दर्शन झालं, प्रसाद झाला. परतताना टेकडीच्या उतारावर समोर बैलगाडी आली, बाबांनी ब्रेक दाबला, डावं चाक फिरतच राहिलं आणि गाडी उजवीकडे ओढली जाऊन शेतात उलटली. मावशी कडेला बसली होती. पुढचं तुला सांगायला नको. तू ट्रक थांबवायला रस्त्याकडे धावलास. आई मावशीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. मी तेव्हा काय करत होतो हे तू मला कधी विचारलं नाहीस, कारण तुला वाटलं मी बाबांना बाहेर काढतो आहे. बाबा स्वतःच बाहेर आले होते, योगू. मी गाडीच्या मागे गेलो होतो. ब्रीदरमधला बोळा ओढला, तर फुस्स करून हवा आली आणि माझ्या तोंडावर गरम तेल उडालं. तो बोळा मी तुरीच्या शेतात फेकला. मावशीचा जीव अजून गेला नव्हता. मी तिच्याकडे आधी गेलो नाही, आधी बोळ्याकडे गेलो. एवढं लिहिल्यावर या पत्रात आणखी काही वाईट उरत नाही.

दुसऱ्या दिवशी बाबांनी सगळ्यांसमोर डाव्या चाकाचा ब्रेक ड्रम उघडला. आत ब्रेकचे लायनर तेलाने चिंब. तू विचारलंस, "बाबा, हे सील तुमीच बसवलतं ना?" बाबा हो म्हणाले. मग त्यांनी सवयीने ब्रीदरवर नजर टाकली. त्याच्या तोंडाशी कापसाचे दोन तंतू चिकटून राहिले होते. मी पाहिले, आणि बाबांनीही पाहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, बोटाने ते तंतू पुसले आणि म्हणाले, "माह्याच हातचं काम हाय. माह्यीच चूक." त्या दिवसापासून त्यांनी पाना हातात धरला नाही. तू त्यांच्या हाताला कंप आलाय म्हणालास आणि आर्वीला निघून आलास. आणि आई मावशीच्या तेराव्यानंतर त्यांच्याशी एक शब्द बोलली नाही. ते समोर बसलेले असायचे आणि ती मला सांगायची, "त्याइले सांगजो, ताट वाढलं हाय." पाच वर्षं मी तिचे निरोप तीन हातांवर बसलेल्या माणसाला पोचवले. मला वेड कसं लागलं नाही, कोण जाणे. सपनाला सगळं माहीत आहे. तिने मला टाकलं नाही, पण ते बूट तिने त्याच आठवड्यात चुलीत घातले.

अठ्ठ्याण्णवला बाबा गेले, त्याच्या आदल्या दुपारी त्यांच्याजवळ मी एकटा होतो. मी तोंड उघडलं. त्यांनी हात वर केला. म्हणाले, "राहू दे. तुही माय माह्यासंग बोलत नाई, ते मी सोसलं. बहीण गेली तिची. आता तुह्यासंग बोलनं सोडन तं ते जगन कशी?" मला वाटलं, सुटलो. बाबांनीच सोडवलं. दोन वर्षं त्यांच्या त्या शब्दाच्या आडोशाने बसलो, आणि स्वतःची समजूत घालत राहिलो की मी त्यांचं ऐकतो आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माझ्या मुठीत तेलकट कापसाशिवाय काही नव्हतं. पंधरा दिवसांपूर्वी तू हसून बूच दाखवलंस तेव्हा कळलं की माझं खोटं बाबांबरोबर संपलेलं नाही. ते तुझ्या गाडीखाली फिरतं आहे. बाबांचं सील वाईट होतं यावर विश्वास ठेवून तू बूच लावलंस. त्या सीलमध्ये काही खोट नव्हती. बाबांइतकं सील बसवणारा माणूस मी अजून पाहिला नाही.

आता शेवटचं. तुम्ही सगळे कालपासून रुचिकाच्या आजोळी गेला आहात आणि आज रात्री परतणार हे मला ठाऊक होतं, म्हणून आज सकाळीच आलो. बुचं काढली. फुस्स असा तोच आवाज आला. दोन्ही गाड्यांना नवी ब्रीदरं लावून पाइप सीटमागे खिडकीच्या उंचीला नेला आहे, तोंड खाली वळवून जाळी बांधली आहे. गिअरबॉक्सचंही केलं. मग ड्रम उघडले. दोन्ही गाड्यांचे डावे लायनर तेलाने भिजलेले आहेत. उद्याच तुला ब्रेक लागला नसता. माझ्याकडे लायनर नव्हते, आणि तू ऐकणार नाहीस हे मी जाणतो, म्हणून चाकांखाली दगड लावून इंजिनाची ताकद चाकांना पोचवणारे दोन्ही गाड्यांचे प्रोपेलर शाफ्ट काढून घेतले आहेत. मी खाली पडून काढत असताना शेजारचे महादेवराव चहा घेऊन आले आणि म्हणाले, "भाऊ असावा तं असा." मी त्यांचा चहा घेतला आणि उद्या गाड्या बंद आहेत असा पोरांच्या घरी निरोप द्यायला त्यांनाच सांगितलं. शाफ्ट पोत्यात घालून अल्लीपूरला नेतो आहे. माझ्या गॅरेजमध्ये ते मिळणार नाहीत. आईच्या खाटेखाली ठेवणार आहे. तिला हे सांगायला मी तीनदा उंबऱ्यापर्यंत जाऊन परत फिरलो आहे. उद्या तू शाफ्ट न्यायला येशील, दारातच ओरडशील, आणि ती विचारेल, काऊन ओरडतं? ते तिने तुझ्या तोंडून ऐकण्याआधी मला आज तिला सांगावंच लागेल. मला माघारी फिरता येऊ नये, यासाठीच हे सगळं लिहून तुझ्या सीटवर ठेवतो आहे. लायनर येताना घेऊन ये. दोनची एस.टी. आहे, निघतो.

तुझाच,
गजेंद्रदादा