तेवीस नंबरची खाट

कुंभकोणम्,
२४ जानेवारी १९५७

चि. पद्मनाभ,

तुला आणि तुझ्या बायकोला अक्काचे आशीर्वाद. इथे सगळे आपापल्या जागी बरे आहेत. तुझ्या भावोजींचा खोकला पोंगलनंतर उतरला. सासूबाईंची तब्येत माझ्यापेक्षा चांगली आहे. नागपूरला थंडी किती पडली, तुझी बदली टळली का, आणि तुझ्या बायकोला माझं मराठी अजून पेशव्यांच्या काळातलं वाटतं का, ते कळव. तीन प्रश्न आहेत. तू नेहमी एकाचंच उत्तर देतोस.

मी नगर सेवा संघात जाते हे मागे लिहिलं होतं. संघ म्हणजे आम्ही पस्तीसजण, दर गुरुवारी संध्याकाळी शाळेच्या हॉलमध्ये जमतो. अध्यक्ष शेषाद्री यांची भाताची गिरणी आहे. त्यांनी दोन नियम केले आहेत. पहिला, कुणाला राव, अय्यर, मुदलियार म्हणायचं नाही. छातीवर पिवळी फीत लावायची आणि तिच्यावर नुसतं नाव. दुसरा, कुणी कुणाच्या शेजारी बसून खायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. त्यामुळे गेले तीन गुरुवार मी सलूनवाल्या मणीशेजारी बसून हरभऱ्याचं सुंडल खाते आहे. सासूबाईंना कळलं तर मला विहिरीवर दोनदा अंघोळ घालतील. मणीला गावातली प्रत्येक बातमी ठाऊक असते, पण विचारल्याशिवाय तो तोंड उघडत नाही. विचारायला मी आहेच.

यंदा संघानं मोतीबिंदूचं शिबिर घेतलं आहे. एक कल्याणमंडप दहा दिवसांसाठी मिळाला. जिथे नवरा-नवरी बसतात तिथे ऑपरेशनचं टेबल, आणि पंगती बसतात तिथे चाळीस खाटा. डॉक्टर मद्रासहून आले आहेत. आम्ही पापनाशम्, इन्नंबूर, तिरुविडैमरुदूर अशी गावं वाटून घेऊन माणसं गोळा केली. मी इन्नंबूरला गेले होते. तिथल्या एका आजीनं मला विचारलं, डोळा बाहेर काढून धुतात आणि परत बसवतात काय? मलाही नक्की ठाऊक नव्हतं, म्हणून डॉक्टरांना विचारलं. धूत नाहीत. आतलं पांढरं झालेलं भिंग तेवढं काढून टाकतात.

खरं काम ऑपरेशननंतर असतं. माणसाचे दोन्ही डोळे बांधतात, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या ठेवतात, आणि सात दिवस त्यानं उताणं पडून राहायचं. खोकायचं नाही, हसायचं नाही, आणि रडायचं तर मुळीच नाही. जखमेवर ताण आला की डोळा गेलाच म्हणून समजायचं. आम्ही त्यांना चमच्यानं पेज भरवायची, आणि कामापुरतं बोलायचं. रोग्याला घरचं काहीही विचारायचं नाही. हा नियम शेषाद्रींनी माझ्याकडे पाहत दोनदा वाचून दाखवला.

खाटाही चिठ्ठ्या टाकूनच वाटल्या. मला एकवीस ते पंचवीस आल्या.

पत्र इथेच संपवून पोस्टात टाकणार होते. दुपारभर ते तसंच पडून होतं. मग वाटलं, तुला सांगितलं नाही तर मला झोप यायची नाही. तेवीस नंबरच्या खाटेवर अप्पा आहेत.

आपलेच अप्पा. यादीत स्वच्छ लिहिलं आहे: सुंदरराव, वय एकाहत्तर, निवृत्त शिरस्तेदार, तिरुविडैमरुदूर. सहा मैलांवर राहणारा माणूस मला सहा वर्षांनी भेटला तो डोळ्यांना पट्ट्या बांधलेला. आईच्या तेराव्याला मी सगळ्यांदेखत त्यांना म्हणाले होते की तुम्हीच तिला आंधळी ठेवलीत. तू तेव्हा परीक्षेमुळे येऊ शकला नव्हतास. अप्पांनी तिच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला कसा नकार दिला, डॉक्टरांच्या खोलीबाहेर आई कशी रडली, ते सगळं मी तुला नंतर पत्रानं कळवलं. त्यानंतर तूही त्यांना कधी ओळ लिहिली नाहीस.

ज्यानं आईचं होऊ दिलं नाही तो स्वतःचं करून घ्यायला बसमध्ये बसून आला, याचा मला पहिल्यांदा संताप आला. मग त्या संतापामागून माझा नेहमीचा प्रश्न आला. का नाही म्हणाले असतील? तिचं का नाही, आणि आता स्वतःचं का? शेषाद्रींना सांगून मला खाट बदलून घेता आली असती. मी घेतली नाही.

त्यांच्याशी मी फक्त तमिळमध्ये बोलते, तेही हळू आवाजात. मी कोण ते कळलं आणि त्यांना रडू आलं, किंवा राग आला, तर डोळा जाईल. तेवढं पाप मला नको आहे.

तुझी,
सीतक्का


कुंभकोणम्,
२८ जानेवारी १९५७

चि. पद्मनाभ,

तुझं उत्तर यायच्या आत दुसरं पत्र लिहिते आहे. उद्या पट्ट्या सुटणार, आणि त्याआधी हे कागदावर उतरायला हवं.

मणी रोज सकाळी खाटांवर जाऊन सगळ्या पुरुषांची दाढी करतो. काल वस्तरा पुसता पुसता मला म्हणाला, "अम्मा, तेवीस नंबरच्या म्हाताऱ्या ताताचं नाक आणि तुमचं नाक एकाच साच्यातलं दिसतं." मी म्हटलं, आम्हा मराठी रायरांची सगळ्यांची नाकं अशीच. तो हं म्हणाला. मणीचं हं म्हणजे त्याला सगळं समजलं आहे आणि तो कुणाला सांगणार नाही.

अप्पा फार शहाण्यासारखे पडून असतात. पेज पातळ झाली म्हणत नाहीत, खारट झाली म्हणत नाहीत. आपल्या घरी ताक जरा आंबट झालं तर ताट सरकवणारा हा माणूस. मी पहिल्या दिवशी विचारलं, ताता, मान दुखते का? दुसऱ्या दिवशी विचारलं, घरी स्वयंपाक कोण करतं? तिसऱ्या दिवशी, मुलंबाळं किती? प्रत्येक वेळी शेषाद्रींचा नियम आठवला, आणि प्रत्येक वेळी तो मोडून झाल्यावरच आठवला. अप्पांनी उत्तरं दिली. स्वयंपाकी आहे. मुलं दोन, एक मुलगी, एक मुलगा, दोघंही दूर असतात. सहा मैलांना ते दूर म्हणाले.

काल दुपारी हॉलमध्ये सगळे डुलकी घेत होते. मी पेज भरवत होते आणि माझ्या तोंडून गेलं, "ताता, तुमच्या बायकोलाही असाच मोतीबिंदू होता काय?" चमचा हातात तसाच राहिला. मी घाबरून म्हटलं, राहू द्या, बोलू नका, डोळ्यांना पाणी येईल. तर म्हणाले, "मी तीस वर्षं तालुका कचेरीत काढली आहेत. पाणी यायचं नाही."

मग जे बोलले ते तमिळमध्ये. मी आपल्या भाषेत उतरवते, त्यात काही घालत नाही आणि काही गाळत नाही.

"तिला दिसत होतं तोवर ती माझ्या चार पावलं मागून चालायची. आमच्यात तशीच रीत. दिसेनासं झालं तेव्हा मी तिचा हात धरला. भर रस्त्यात, देवळात, बाजारात. आंधळ्या बायकोचा हात धरला तर कोण काय म्हणणार? लग्नाला तीस वर्षं झाली होती, आणि तिच्या शेजारून मी तेव्हा पहिल्यांदा चाललो. ती वाटभर बोलायची. ती एवढं बोलते हे मला ठाऊकच नव्हतं. मग डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करा, महिनाभरात दिसेल. घरी येऊन मी तिला विचारलं. ती हसली. म्हणाली, 'म्हणजे मी परत चार पावलं मागे होय?' मी म्हटलं, बरं, पुढच्या वर्षी पाहू. असं तीन वर्षं म्हटलं. चौथ्या वर्षी डॉक्टर म्हणाले, आता उपयोग नाही."

मी विचारलं, ती थट्टेनं म्हणाली की मनापासून?

"तेच मला अजून कळलेलं नाही. पण पुढच्या वर्षावर ढकलायला मला बरं वाटत होतं, तेवढं खरं. माझी मुलगी मला बोलते ते बरोबर आहे. तिला फक्त अर्धंच ठाऊक आहे."

एवढं बोलून त्यांनी पेजेसाठी तोंड उघडलं. पेज गार झाली होती. मी तीच भरवली.

पद्मू, ते दोघं कावेरीकडे हात धरून जाताना आपण किती वेळा पाहिलं असेल. मला नेहमी वाटायचं, आपल्या चुकीचं ओझं ओढत चालले आहेत. आई तेव्हा बोलत असायची हे मीही पाहिलं होतं. काय बोलते, हे मात्र कधी विचारलं नाही. सगळ्या जगाला प्रश्न विचारले, तिलाच नाही.

अप्पांच्या सांगण्यात आई हसते. मी तुला लिहिलं त्यात ती रडत होती. त्यावर मी आज काही लिहीत नाही.

तुझी,
सीतक्का


कुंभकोणम्,
२८ एप्रिल १९५७

चि. पद्मनाभ,

दोन पत्रांना मिळून तुझं एक कार्ड आलं. 'त्यांना दिसू लागलं असेल तर बरं.' एवढंच. माझ्या तीन प्रश्नांपैकी या वेळी एकाचंही उत्तर नाही. तुला दोष देत नाही. तुला त्यांच्याविषयी जे वाटतं ते माझ्याच पत्रांतून वाटायला लागलेलं आहे. म्हणूनच आज उत्तराची वाट न पाहता लिहिते.

दिसू लागलं. पट्टी सुटली त्या सकाळी सगळा संघ हॉलमध्ये होता. डॉक्टर एकेका खाटेपाशी जाऊन बोटं दाखवत होते. अप्पांनी तीन म्हणून बरोबर सांगितलं. मग डॉक्टर गमतीनं म्हणाले, तुम्हाला आठवडाभर जेवू घालणाऱ्या या बाई कोण, दिसतं का? मी खाटेच्या पायथ्याशी उभी होते. वाटलं, मणीच्या मागे जावं. गेले नाही.

अप्पांनी डोळा बारीक करून पाहिलं आणि आपल्या मराठीत म्हणाले, "सीते, किती वाळलीस गे तूं."

डॉक्टरांना भाषा कळली नाही. मणीला कळली असावी, कारण त्यानं तोंड फिरवलं. मी विचारलं, अप्पा, कधी ओळखलंत? तर म्हणाले, "पैल्याच दिवशीं. हितं कोणी कायीच विचारीत न्हाई, नेम तसा हाय म्हणे. विचारणारी येकलीच. ती दुसरी कोण असणार?"

मग म्हणाले, "रडायचं न्हाई म्हणून सांगितलेलं. तुझं नांव घेतलं असतं तर मला जमलं नसतं. म्हणून गप राहिलों."

म्हणजे ते मला सांगत होते, पद्मू. तमिळ बाईला नव्हे, मला. मी डोळा वाचावा म्हणून परकी झाले होते, आणि तेही त्याच कारणानं मला परकी राहू देत होते. डॉक्टरांनी मला हॉलबाहेर काढलं, कारण रडायला मला मनाई नव्हती पण माझं पाहून तेवीस नंबरला आलं असतं.

आता राहिलेलं. आई डॉक्टरांकडे गेली तेव्हा मी तिच्याबरोबर नव्हते. खोलीबाहेर नव्हते, गावातही नव्हते. सासूबाईंना घेऊन रामेश्वरला गेले होते. अप्पा 'पुढच्या वर्षी' म्हणाले एवढंच मला नंतर कळलं. आई रडली असेल असं मला वाटलं. वाटलेलं मी पाहिलं म्हणून लिहिलं. तिच्या पदराचं टोक भिजलं होतं असंही लिहिलं होतं, तुला आठवत असेल. ते माझ्या मनचं. मला कुणीतरी माझ्या बाजूनं रागवायला हवं होतं आणि तू एकटाच होतास. सहा वर्षं तू त्यांच्याशी बोलला नाहीस ते त्या पदराच्या टोकामुळे. अप्पांची चूक अप्पांनी मला उताणं पडून सांगितली. माझी मी एवढ्या अंतरावरून, कागदावर सांगते आहे.

अप्पा शिबिरानंतर आमच्याकडेच राहिले आहेत. सासूबाईंना भांडायला बरोबरीचं माणूस मिळालं. मार्चमध्ये चष्मा आला, भिंगं जाडजूड. डॉक्टरांनी बजावलं की सुरुवातीला सगळं मोठं आणि जवळ दिसेल, पायऱ्यांचा अंदाज चुकेल, तेव्हा दोन-तीन आठवडे कुणीतरी हात धरून चाला. रोज सकाळी आम्ही कावेरीच्या घाटापर्यंत जातो. वाटेत मी आईविषयी विचारते. ती काय बोलायची, कशावर हसायची. त्यांना बरंच आठवतं, आणि जे आठवत नाही ते आठवत नाही म्हणतात. हे मला त्यांच्याकडून शिकायला हवं होतं.

ते दोन-तीन आठवडे केव्हाच संपले. परवा त्यांनी बसवरची पाटी माझ्याआधी वाचली. पायऱ्याही आता चुकत नाहीत. तरी दारातून बाहेर पडलं की ते उजवा हात पुढे करतात आणि मी धरते.

मेमध्ये तुला सुटी असते. पुढच्या वर्षी पाहू असं लिहू नकोस. त्यांचा डावा हात रोज मोकळाच असतो.

न पाहिलेलं पाहिलं म्हणून तुला लिहिणारी,
तुझी सीतक्का