चिमीच्या घराचं दार

१४ डिसेंबर, संध्याकाळी ७
थंडी वाढली. चिमी गाभण आहे आणि मांजर घरात आणायला बायकोची, भुवनेश्वरीची सक्त मनाई. म्हणून जुन्या कूलरच्या डब्यात गोणपाट घालून अंगणातच तिला घर केलं. पुढे चौकोनी दार, आत दूध-भाताची वाटी. चिमी आत गेली, गोल फिरली, बसली. प्रोजेक्ट एका दिवसात पूर्ण.

१६ डिसेंबर
वाटी रिकामी. दारातून मुंगूस बाहेर आलं. माझ्याकडे बघितलं आणि सावकाश, चालत गेलं. चालत! शेजारच्या चांदबी आपा भिंतीवरून म्हणाल्या, "अण्णा, वाटी आत ठिवू नका की. वासानं येतंय ते."
मी नुसता हसलो. होटगी जंक्शनला सिग्नल खात्यात तेहतीस वर्षं काढली. मालगाड्या अडवल्या. वाटी हलवणं म्हणजे माघार. वाटी आतच राहणार.

१७ डिसेंबर
दार लहान केलं. मुंगूस आरामात जातं. चिमी जात नाही. माझं माप बरोबर होतं. चिमीचं वाढलंय.

१८ डिसेंबर
दार पुन्हा मोठं केलं. याला सुधारणा म्हणतात.

१९ डिसेंबर
दाराला पाइपचा वाकडा बोगदा जोडला. मुंगसाला बोगदा फार आवडतो, हे कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. भुवनेश्वरी म्हणते, तिने सांगितलं होतं. मला आठवत नाही.
बोगदा काढला.

२२ डिसेंबर
दारात लाल तिखट पसरलं. वारा उलटा फिरला. दुपारपर्यंत एकोणीस शिंका, सगळ्या माझ्या. भुवनेश्वरी ओरडली, "अहो, शेंगाचटणीसाठी राखून ठेवलेलं तिखट होतं ते!"
मुंगूस मात्र दिवसभर फिरकलं नाही. विजय.

२३ डिसेंबर
मुंगूस काल पहाटेच येऊन जेवून गेलं होतं म्हणे. आपांनी बघितलं. आपांना दुसरं काही काम नसावं.

२ जानेवारी, सकाळी ९
चिमीला चार पिल्लं! आमच्याच डब्यात! एवढं मोठं गाव पडलंय, पण तिने माझं बांधकाम निवडलं. डोळ्यांत काहीतरी गेलं, चष्मा दोनदा पुसला.
आपा भिंतीवर हजर. "आता तरी वाटी भाईर काढा, अण्णा. मुंगूस पिल्लंबी खातंय." म्हटलं, आपा, काळजी करू नका. माझ्या डोक्यात प्लॅन आहे.

४ जानेवारी
प्लॅन तयार. दारावर पत्र्याचं शटर, त्याची दोरी व्हरांड्यातल्या माझ्या खुर्चीपर्यंत. मुंगूस दिसलं की दोरी सोडायची, शटर खाली. भुवनेश्वरीने विचारलं, "आणि चिमी बाहेर असली तर?" नकारात्मक विचार करणाऱ्यांना मी उत्तर देत नाही.

५ जानेवारी, दुपारी १२
११ वाजून ५ मिनिटांनी मुंगूस दारापाशी. दोरी सोडली. शटर खटकन् पडलं. मुंगूस बाहेर, पसार. शंभर टक्के यशस्वी.
चिमीही बाहेरच होती.
शटर वर येईना. पत्रा खाचेत वाकून बसला. आत पिल्लं ओरडायला लागली, बाहेर चिमी नखांनी पत्रा ओरबाडत होती. तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता. स्क्रू-ड्रायव्हर हातातून तीनदा पडला. भुवनेश्वरीने हाक मारली तशा आपा हातोडी घेऊन आल्या. मला बाजूला सारून दोन घाव घातले. पत्रा निघाला.
चिमी आत गेली. एक पिल्लू तोंडात धरून बाहेर आली आणि भिंतीवरून आपांच्या घरात. मग दुसरं. मग तिसरं. मग चौथं. एकदाही माझ्याकडे बघितलं नाही.
ही तात्पुरती व्यवस्था आहे.

६ जानेवारी
वाटी डब्यातून बाहेर काढली. कुणाच्या सांगण्यावरून नव्हे. स्वतंत्र निर्णय.

९ जानेवारी
तीन दिवस झाले, मुंगूस नाही. डब्यात आता कुणीही शिरत नाही. चिमीसुद्धा.
शटर मोडून भंगारात टाकलं. डिझाइन बरोबरच होतं, पत्रा हलका निघाला. गोणपाट उन्हात घालून परत अंथरलं. ती येईलच.

१२ जानेवारी, संध्याकाळी ५
आली नाही. शेवटी मीच वाटीत दूध घेऊन आपांकडे गेलो. त्यांच्या मागच्या खोलीत, ट्रंकेच्या आडोशाला, जुन्या चादरीवर पाचही जण. एका पिल्लाचे डोळे उघडलेत. मी वाकलो तशी चिमी फिस्कारली आणि त्याच पिल्लाची मान तोंडात धरून उठली.
आपा हळूच म्हणाल्या, "अण्णा, जरा भाईर उभारा की. तुमाला बघून भितीय ती."
वाटी त्यांच्या हातात दिली. बाहेर उभारलो. त्यांनी दार लोटून घेतलं. थोड्या वेळाने आतून दूध चाटल्याचा आवाज आला.
घरी आल्यावर भुवनेश्वरीने विचारलं, घेतलं का तिने?
म्हटलं, व्हय.