आगळात भिजवलेले सात शर्ट

रत्नागिरी,
बुधवार, सकाळचे साडेअकरा

तीर्थस्वरूप अक्का यांना सावर्ड्यास,

धोंडूचा लांबूनच साष्टांग नमस्कार. (लांबूनच का, ते पुढे कळेल.) तुमचा उजवा गुडघा कसा आहे? दुखतो तो डावा असेल तर डावा कसा आहे? माझा दरवेळी घोळ होतो. तुमची धाकटी बहीण मैना बाजूला असती तर तिनं डोळ्यांनी खूण करून मला वेळीच सावरलं असतं. साडूबुवांचा खोकला उतरला असेल अशी आशा करतो. आता एवढ्यासाठी फोन का केला नाही, असं तुम्ही म्हणाल. अक्का, तुम्ही फोन स्पीकरवर टाकून ओटीवर ठेवता आणि पाखाडीच्या पायऱ्यांवरून जाणारी-येणारी माणसंसुद्धा मध्येच उत्तरं देतात. गेल्या खेपेला मी माझ्या पोटाची तक्रार तुम्हाला सांगत होतो आणि ओव्याचा सल्ला एका अनोळखी पुरुषाच्या आवाजात आला. शिवाय चौतीस वर्षं पोस्टात काढून पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झालेल्या माणसानं नाजूक गोष्ट पाकिटात घालून पाठवावी हेच बरं.

गोष्ट नाजूक आहेच. माझ्या धुतलेल्या शर्टांना वास येतो. घामाचा, आणि तो घाम माझा.

तुम्हाला ठाऊक आहे की मैना भाऊबीज करून आमच्या लेकीच्या, दर्शनाच्या बाळंतपणाला बडोद्याला गेली. 'तीन महिन्यांत परत येते' म्हणाली. निघताना तिनं मला स्वयंपाकघर, गॅस, मशीन सगळं समजावायला घेतलं, तेव्हा मी (रिक्षा दारात उभी होती आणि रिक्षावाला ऐकत होता) म्हणालो, की खुशाल राहा, माझं इथं काही अडत नाही. आजवर मी अनेक मूर्खपणाची वाक्यं बोललो असेन, पण हे एक वाक्य तिनं मनावर घेतलं. तेव्हापासून रोज अकरा वाजता फोन येतो. 'काय, कसं चाललंय?' 'उत्तम.' 'जेवण?' 'झकास.' मग ती 'बरं' म्हणते आणि बाळाच्या ढेकरांची माहिती देते. शिमग्याला येईन म्हणाली होती, तर नातवाला ताप आला. पालखी घरी आली तेव्हा मी एकट्यानं नारळ दिला, आणि आरतीचं ताट कुठल्या हातात धरायचं ते मला बघायला आलेल्या मंडळींना विचारावं लागलं. पाडव्याला येईन म्हणाली, तोही गेला. आता चैत्र संपत आला.

तर वासाचं सांगतो. पहिले तीन महिने थंडीचे होते म्हणून माझी अब्रू झाकून राहिली. उन्हाळा लागला आणि एके दिवशी बाजारातून चढण चढून घरी येताना मला वास आला. माळ्यावर विसरलेल्या कांद्याच्या पोत्याला येतो तसा. मी घरी येऊन उंदीर शोधला. कुठेतरी मेलेला असणार म्हणून कपाटं ओढली, माळा रिकामा केला, तुम्ही मैनाच्या लग्नात दिलेला हंडा सापडला, उंदीर काही सापडला नाही. मात्र मी जिथे जिथे शोधायला जाई तिथे तिथे वास येई. मी मनात म्हणालो, एक नाही, पाच-सहा मेलेत.

संध्याकाळी आम्ही चार पेन्शनर मांडवीच्या जेटीवर एका बाकावर बसतो. त्यात आमचा जुना पोस्टमन बाळा आहे. हळूहळू माझ्या लक्षात आलं की मी बसलो की बाकीचे तिघं पलीकडच्या बाकावर जातात. म्हणत, इकडे वारा लागतो. मीही पलीकडे गेलो की वारा तिथेही लागायचा. शेवटी बाळा एकदा मला बाजूला घेऊन म्हणाला, "सायब, राग मानू नका, पन आज शर्ट बदलायचा ऱ्हायला काय?" अक्का, तो शर्ट मी त्याच सकाळी इस्त्री करून घातला होता. आणि बोलणारा कोण, तर बाळा! वीस वर्षांपूर्वी हाच बाळा भर उन्हात सायकल हाणत टपाल वाटून आला असताना मी त्याला 'लांब उभा राहून हिशेब दे' म्हणालो होतो, आणि वर पूर्ण ऑफिससमोर स्वच्छतेवर भाषण दिलं होतं. माझ्या घामाला उपजतच वास नाही, हेही त्या भाषणात होतं. बाळाला ते सगळं आठवत असणार.

मग मी उपाय सुरू केले. पहिला उपाय, मशीनमध्ये साबणाची पावडर दुप्पट. शर्ट ओले असताना फुलांच्या बागेसारखे, वाळल्यावरही ठीक, पण अंगात घालून दहा मिनिटं चाललं की आत दबा धरून बसलेला वास उठून उभा राहायचा. मग पावडर चौपट केली. शर्ट इतके कडक झाले की घालताना बाही कानाला लागायची. मग कपाटात उदबत्ती लावली (एका शर्टाला भोक), डांबराच्या गोळ्या ठेवल्या. त्या दिवशी बाकावरचे तिघं घरीच गेले.

एवढ्यात मोबाइलवर एक दिल्लीकडची बाई दिसली. कपड्यातला घामाचा वास घालवायला ती पाण्यात सिरका घालून कपडे बुडवत होती. आपल्या घरात सिरका कुठला? पण मी तर्क केला की सिरका म्हणजे काहीतरी आंबट, आणि आंबटाला आपल्याकडे काय तोटा? फळीवर तुम्हीच गेल्या वर्षी पाठवलेल्या कोकमाच्या आगळाची बाटली होती. दोन वाट्या आगळ बादलीभर पाण्यात घातलं आणि माझे सातही शर्ट बुडवून वर पाट ठेवला. (सातही पांढरे. मी पांढऱ्याशिवाय घालत नाही, हे तुम्ही जाणताच.) दोन तासांनी पाट उचलला. अक्का, तुमच्या आगळाला तोड नाही. असा रंग बाजारच्या आगळाला कधी यायचा नाही. सातही शर्ट रातांब्यासारखे लालजांभळे, आणि शिवाय खारट, कारण तुमच्या हाताला मीठ सढळ. धुऊन धुऊन ते गुलाबीवर आले आणि तिथेच थांबले. संध्याकाळी गुलाबी शर्टात जेटीवर गेलो तर बाळा म्हणाला, "सायब, शिमगा होऊन म्हयना झाला!" वास मात्र होता तिथेच होता, आता त्याला सोलकढीची जोड मिळाली होती.

शेवटी आमच्याकडे अंगण झाडायला येणाऱ्या यमुनाबाईंनी दोरीवरची ती गुलाबी रांग बघितली आणि झाडू टाकून खालीच बसल्या. हसून झाल्यावर मला विचारलंन, "मास्तरांनू, शर्ट उलाटा करून काखंत साबन लावलात काय?" मी म्हटलं, काखेत साबण मी आंघोळीला लावतो. त्यावर त्या म्हणाल्या, "तुमच्या काखंत नाय हो, शर्टाच्या! वयनी रोज सांजच्याला शर्ट उलाटा करून, सोडा नि साबन घासून तासभर ठेवायच्या, मगे मशिनीत. तुमाला काय वाटला, घाम आपसूक जातो? कदी सांगितलान नाय तुमाला?"

नाही सांगितलं. छत्तीस वर्षांत एकदाही नाही. रोज संध्याकाळी मी चहा घेत बातम्या ऐकायचो तेव्हा मागच्या पडवीतून धुण्याच्या धोंडीवर काहीतरी घासल्याचा आवाज यायचा. मी तिला ओरडून सांगायचो की ते नंतर कर, बातम्या ऐकू येत नाहीत. ती थांबायची आणि बातम्या संपल्यावर पुन्हा सुरू करायची. ती माझ्या काखा घासत होती, अक्का. आणि मी गावभर सांगत होतो की माझ्या घामाला वास येत नाही. मला लाज वाटली, आणि लाजेपेक्षाही जास्त तिची आठवण आली. त्या संध्याकाळी चहा झाल्यावर मी बातम्या लावल्या नाहीत.

तर विनंती अशी, की तुम्हाला या वासावर काही रामबाण उपाय ठाऊक असल्यास उलट टपाली कळवावा. घरातल्या सर्वांना यथायोग्य सांगावं, आणि आगळ पुन्हा पाठवू नये.

आपला,
धोंडू

ता. क. १ : खरं सांगायचं तर उपायाची गरज उरलेली नाही. यमुनाबाईंनी सांगितलं तसं केलं. शर्ट उलटा, काखेत सोडा आणि साबण, तासभर भिजत, पावडर अर्धीच, आणि उलटाच कडक उन्हात. गेल्या गुरुवारपासून वास नाही. बाळा काल माझ्या शेजारी तासभर बसला, वारा नव्हता तरी. मी त्याची माफी मागितली, तर म्हणाला, जाऊ दे सायब, तेव्हा माझा खरंच येत होता.

ता. क. २ : पण हे मैनाला कळवू नये. दर्शनाची रजा पुढच्या महिन्यात संपते. शेजारची एक चांगली बाई दिवसा बाळ सांभाळायला तयार आहे, तिला एक तारखेपर्यंत हो की नाही सांगायचं आहे. आणि दर्शना मला फोनवर म्हणते, की बाबा, तुमचं तर सगळं उत्तम चाललंय, मग आईलाच आणखी वर्षभर ठेवून घेते. वर्षभर! तेव्हा तुम्ही मैनाला फोन करून सांगा, की धोंडूच्या कपड्यांना भयंकर वास मारतो, लोक बाक सोडून उठतात. बाक सोडल्याचं तर खोटंही नाही.

ता. क. ३ : पाकीट चिकटवलं होतं, ते फाडून पुन्हा लिहितो आहे. वास जिंकल्याच्या भरात मी रविवारी घरातलं सगळं धुवायला काढलं. पडदे, उशांचे अभ्रे, सगळं. आमच्या खोलीच्या दारामागे खुंटीला मैनाचा घरात घालायचा गाऊन होता, निघाली त्या सकाळी काढून ठेवलेला. पाच महिने मी त्याला हात लावला नव्हता. फक्त येता-जाता दार जरा जोरात लोटायचो, म्हणजे तो हलायचा आणि तिचा वास यायचा. खोबरेल, लसणीची फोडणी आणि आणखी काहीतरी, ज्याचं नाव मला सांगता येत नाही. तोही मी सोड्यात घातला. वाळल्यावर सवयीनं नाकाला लावून तपासला. उन्हाचा वास येत होता, बाकी काही नाही. माझा वास घालवायला मला दीड महिना लागला, तिचा तासाभरात गेला.

तेव्हा वरचं दुसरं ता. क. रद्द समजा. खोटं काही सांगू नका. शर्ट स्वच्छ आहेत, जेवतो आहे, तब्येत ठणठणीत आहे, आणि तो तुला बोलावतो आहे, एवढंच सांगा. मला फोनवर ते म्हणता येत नाही. तीनदा म्हणायला गेलो आणि तीनदा नातवाचं वजन विचारून फोन ठेवला. आणि इथे आल्यावर प्रवासातली साडी लगेच धुवायला टाकू नको म्हणावं. राहू दे चार दिवस दारामागे.