एकशे चव्वेचाळीस कुंड्यांची शिस्त

तीर्थस्वरूप मामा यांस,

सातासमुद्रापलीकडून आपल्या भाचीचा साष्टांग नमस्कार. आपला उजवा गुडघा आता जिना चढू देतो ना? मामींना सांगावे, की मी वेळेवर जेवते, वेळेवर झोपते आणि येथील विद्यार्थ्यांना या दोन्ही गोष्टींचे अतोनात आश्चर्य वाटते.

उन्हाळी सत्राचे पाच आठवडे सरले, तीन उरले. अखेरीस प्राध्यापकांनी प्रमाणपत्रावर सही केली, तरच आपले विद्यापीठ हे सत्र ग्राह्य धरणार. अन्यथा माझे एक वर्ष वाया. परंतु आपण काळजी करू नये, असे मी निदान या पानापुरते म्हणते.

माझे काम काचघरात. तेथे गव्हाच्या एकशे चव्वेचाळीस कुंड्या आहेत. प्रत्येकीला चार खतांपैकी एक मिळते आणि त्यानुसार तिला लाल, निळी, पिवळी वा पांढरी पट्टी लावलेली असते. पहिल्या दिवशी आत पाऊल टाकले आणि मला भोवळच आली. लालशेजारी पांढरी, तिच्यामागे दोन निळ्या, मग कोपऱ्यात एकटीच पिवळी! लग्नघराच्या दारातल्या चपलांना याहून अधिक शिस्त असते. (येथील माळीबुवा दिवसभर शीळ घालतात; त्यावरून एकंदर कारभाराची कल्पना यावी.) चार आठवडे मी दातओठ खात सहन केले. पाचव्या शनिवारी माळीबुवा रजेवर गेले, तशा मी बाह्या सरसावल्या. सकाळी आठपासून दुपारी चारपर्यंत एकटीने खपून रंगवार चार रांगा लावल्या, प्रत्येकीत छत्तीस, दोरी धरून सरळ. दारावर चहाचे डाग पडलेला एक मळका नकाशा होता. त्यातील चौकटी माझ्या रांगांशी जुळत नव्हत्या, म्हणून तोही फाडून टाकला.

सोमवारी प्राध्यापक आले. बराच वेळ ते दारातच उभे राहिले. मला वाटले, गहिवरले.

“हे कुणी केलं?”

“मी,” मी नम्रपणे म्हणाले. (तशी नम्रता त्या क्षणी कठीणच गेली.)

“छान! लाल पट्टीच्या सगळ्या कुंड्या खिडकीशी, पांढऱ्या सगळ्या भिंतीच्या सावलीत. आता गहू खतानं वाढला की उन्हानं, हे कोण सांगणार? तुझी रांग?”

तेव्हा उलगडा झाला, की तो पसारा नव्हताच. ऊन-सावलीत कोणत्याही खताला झुकते माप मिळू नये, म्हणून चिठ्ठ्या टाकून जागा ठरवल्या होत्या आणि मी फाडलेला नकाशा त्याच जागांचा होता. मामा, हा विषय मी परीक्षेत लिहिला आहे, शंभरांपैकी अठ्ठ्याण्णव गुण मिळवून. (उरलेले दोन ही परीक्षकांची चूक.) फक्त प्रत्यक्षात हे प्रकरण इतके गबाळे दिसते, असे एकाही पुस्तकात छापलेले नाही.

“पुन्हा विस्कट,” असा हुकूम सुटला. मी मन लावून विस्कटले. प्राध्यापकांनी बोटाने मोजत एक फेरी मारली आणि कपाळाला हात लावला. दर चौथी कुंडी लाल! माळीबुवा शीळ थांबवून म्हणाले, “पोरी, तुला साधा पसारासुद्धा धड घालता येत नाही?” शेवटी त्यांच्या टोपीतून एकशे चव्वेचाळीस चिठ्ठ्या काढाव्या लागल्या. घोळ दोनच दिवसांचा होता, म्हणून प्रयोग वाचला. असो. विज्ञानाची सेवा चालू आहे आणि प्रकृती उत्तम आहे.

आपली आज्ञाधारक भाची

ता. क. काचघराची किल्ली प्राध्यापकांनी काढून घेतली आहे. किल्लीवाचून शेवटची मोजणी नाही आणि मोजणीवाचून सही नाही. आपण शिफारसपत्रात ‘ही मुलगी पसारा दिसला की आवरल्यावाचून राहत नाही’ असे लिहिले होते. ते वाक्य त्यांनी आता तांबड्या शाईने अधोरेखित केले आहे. याच्या उलट कोणी लेखी दिले तरच किल्ली परत, असे ते म्हणतात. तरी मी जात्याच गबाळी आहे, पांघरुणाची घडीदेखील घालत नाही, असे आपण निःसंकोच कळवावे.

आणखी ता. क. आपणांस खोटे लिहिण्याचा सराव नाही, म्हणून मसुदा सोबत जोडला आहे. पत्र गबाळ्या घराण्यातून आल्यासारखे वाटावे, यासाठी त्यात सात ठिकाणी खाडाखोड केली आहे. ती फूटपट्टी लावून, समान अंतरावर केलेली आहे. उतरवून घेताना कृपया एकही जागा हलवू नये.