कॉफी न पिता बसलेले पाहुणे

प्रिय मैसून,

हारूनच्या टॅक्सीतून हे पत्र आणि द्राक्षवेलीच्या पानांच्या, भात भरलेल्या गुंडाळ्यांचा डबा पाठवते आहे. पत्र आधी दे, डबा नंतर, असं त्याला बजावलंय. नाहीतर तू आधी खाशील आणि मग हात पुसून वाचशील, तुझी सवय मला ठाऊक आहे. फोनवर काही बोलू नकोस असं तूच सांगितलंस, म्हणून हा खटाटोप. निवांत बसून वाच. दार लावून घे.

येत्या रविवारचं डोक्यातून जात नाही. भाजी चिरताना, नमाजाला उभी राहताना, सगळीकडे तो रविवार माझ्यापुढे येऊन बसतो. त्या दिवशी तुला सरकारी वकिलापुढे उभं राहायचंय. त्याआधी लेख काढून टाकलास आणि ही गोष्ट तुला कोणी सांगितली त्याचं नाव दिलंस तर तक्रार मागे घेतील, नाहीतर कोठडी, असं तुझ्या मामाच्या वकिलाने तुझ्या बाबांना ऐकवलं. बाबा घरी येऊन एवढंच म्हणाले की पोरगी माझ्यावर गेली आहे. कौतुक होतं की तक्रार, ते मला अजून कळलेलं नाही.

तुझा लेख इथे सगळ्यांनी वाचलाय, न वाचल्याचा आव आणत. तू काही खोटं लिहिलं नाहीस. आमच्या ओसरीवर रोज संध्याकाळी काय चालतं ते तू लहानपणापासून बघतेस. टीव्ही लागतो, बाबांचे मित्र जमतात, गाझा, सुदान, युक्रेन, कुठे किती मेले, कोण गप्प बसलं, कोणाचे हात रक्ताने माखलेत. तुझे बाबा तर बातमीदाराशीच भांडतात, जणू तो काचेतून उत्तर देणार आहे. आणि त्याच रस्त्यावर, आमच्या ओसरीपासून हाकेच्या अंतरावर, खलफ मेला. सीमेपलीकडच्या युद्धातून, दराआहून पळून आलेला माणूस, टोमॅटोच्या शेतातून संध्याकाळी चालत परतत होता. गाडीने उडवलं. त्या दिवशीही ओसरीवर टीव्ही चालूच होता. तू लिहिलंस की आम्ही दूरच्या मेलेल्यांसाठी रडतो कारण त्यांच्या मारेकऱ्याशी आमची सोयरीक नसते. हे वाक्य बाबांना लागलं. त्या दिवसापासून टीव्हीचा आवाज त्यांनी बराच खाली आणलाय.

पण लोकांना लागलं ते पुढचं. गाडी तुझ्या अताल्ला मामाची. पकडला गेला रमदान, त्याचा पगारी ड्रायव्हर, मिसर देशातून आलेला. त्याने कबूलही केलं. खलफच्या भावाला बोलावून समेटाच्या कागदावर सही घेतली, प्रकरण मिटलं. आणि मग तू लिहिलंस की गाडी ड्रायव्हर चालवत नव्हता, मालकाचा मुलगा चालवत होता. नाव घातलं नाहीस, पण करकच्या या टोकाला अशी गाडी आणि असा मुलगा एकच आहे. यझनचं नाव घालायची गरजच नव्हती. तुझी मामी बाजारात मला बघून दुसऱ्या दुकानात शिरली. जग पेटलंय आणि हिला आमचंच लेकरू दिसलं, असं ती सगळ्यांना सांगते आहे.

मामाचं मन मोडणं तुला सोपं वाटत असेल. तुला तो नेहमीच मोठ्या गाडीतला, मोठ्या आवाजाचा माणूस म्हणून दिसला. मला दिसतो तो ओढ्याला पूर आला की मला पाठीवर घेऊन पलीकडच्या शाळेत पोचवणारा मुलगा. मुलीला मास्तरीण होऊन काय करायचंय, असं आमचे वडील म्हणाले तेव्हा तो जेवणावरून उठला होता. ही नाही शिकली तर मीही नाही शिकणार, म्हणाला. मी शिकले. त्याला मात्र वडिलांनी शेतावर ठेवून घेतलं. म्हणजे आज जे मी तुला शुद्धलेखनासाठी टोमणे मारते ना, तेही त्याच्याच जिवावर.

आणि तोच अताल्ला गुरुवारी मध्यस्थांची जाहा घेऊन आपल्या दारात आला. स्वतःच्या बहिणीच्या दारात. विचार कर. मागणं मागायला किंवा खून मिटवायला जसे पांढऱ्या दाढीचे लोक घेऊन जातात, तसे त्याने करकपासून खाली घोरच्या खोऱ्यापर्यंतचे लोक गोळा केले होते. गाड्यांनी गल्ली भरली. पुढे बोलायला हाजी मिफ्लेह. एवढ्या वयाच्या माणसाला कोण नाही म्हणणार, म्हणून त्यांना खाटेवरून उठवून आणलेलं. त्यांना ऐकू येतं का, जाग असते का, हे कोणी पाहिलं नाही. आपल्या लोकांची ही जुनीच खोड आहे. दाढी पाहतात, दाढीच्या वर काय आहे ते पाहत नाहीत.

बाबांनी स्वतः कॉफी ओतली. पहिला पेला हाजींना. त्यांनी तो रीतीप्रमाणे समोर ठेवला. मी स्वयंपाकघराच्या दाराआड उभी होते. पेला ठेवला म्हणजे काय, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. यजमान हो म्हणेपर्यंत पाहुणा पिणार नाही, आणि कॉफी गार होऊन पाहुणा न पिताच उठून गेला तर त्या घराचं नाक पिढ्यान्‌पिढ्या कापलेलं. हाजी नुसतेच बसले होते, म्हणून बोलायचं काम अताल्लानेच केलं. लेख काढून टाकावा. पोरीने चुकले म्हणावं. आणि ज्याने तिच्या कानात हे विष ओतलं त्याचं नाव सांगावं. आवाज त्याचा चढलेला नव्हता, तेच मला जास्त भीतीदायक वाटलं. तो म्हणाला, “माझ्या मुलावर खोटं रचणारा कोण, एवढंच मला हवंय. बाकी सगळं मी विसरेन.”

 पेल्यावरची वाफ गेली. मग बाबा अताल्लाला म्हणाले, “अबू यझन, माझ्या घरातून काही निघालं असतं तर सगळ्यात आधी मला ऐकू आलं असतं. इथून काही निघालेलं नाही. पोरीचं पोरीला विचार.” किती शांतपणे बोलले. आपल्या घरावर त्यांचा केवढा विश्वास. मी दाराची चौकट धरून उभी राहिले.

मग कोणीतरी म्हणालं की बापाने सांगितलं तर मुलगी ऐकेल. दुसरा म्हणाला, अम्मानला जाऊन पोरी हाताबाहेर जातात. तिसऱ्याने तुझ्या लग्नाचा विषय काढला. नवऱ्याने लेखणी काढून घेतली असती म्हणे. एरवी मी बाहेर जाऊन त्याची खरडपट्टी काढली असती. गुरुवारी मी दाराआडच राहिले. सगळ्यांच्या नजरा बाबांवर, आणि बाबांची नजर त्या गार होत चाललेल्या पेल्यावर. त्यांचा चेहरा मी ओळखते. ते हो म्हणायच्या बेतात होते. तुला कोठडीत पाठवण्यापेक्षा स्वतःची मान खाली घालणं त्यांना परवडलं असतं.

तेवढ्यात हाजी मिफ्लेहांनी हात पुढे केला, पेला उचलला आणि कॉफी पिऊन टाकली. एका दमात. वर रिकामा पेला हलवून दाखवला, आता आणखी नको म्हणून.  जाहाच्या पुढाऱ्यानेच उत्तराआधी कॉफी प्यायली, म्हणजे मागणंच संपलं. आता कुठल्या तोंडाने मागणार? अताल्ला पांढराफटक पडला. कोणीतरी म्हाताऱ्याच्या कानाशी ओरडून चूक समजावायला लागलं, तर हाजी उठले आणि काठी शोधू लागले. सगळ्यांना उठावंच लागलं. म्हातारा चळलाय, म्हातारा चळलाय, अशी कुजबुज करत माणसं जोडे घालत होती.

दारात ते माझ्यापाशी थांबले. मी त्यांचा हात धरून पायरी उतरवली. म्हणाले, “खलफ माझ्या झाडांची ऑलिव्ह उतरवायला यायचा. फांदी मोडायचा नाही. बाकीचे मोडतात.” मग जाता जाता म्हणाले की कॉफीत वेलदोडा जास्त झालाय. त्यांना सगळं ऐकू आलं होतं.

पण यम्मा, माझ्या पोरी, त्या कॉफीने बाबांची मान वाचली, तुझी नाही. अताल्ला गाडीत बसताना म्हणाला की आता कायदाच बघेल. तो तसाच करेल. हट्टी आहे, आमच्या घरातले सगळेच आहेत.

शुक्रवारी मी नौफाकडे गेले. खलफची बायको, शेताच्या कडेच्या त्या तंबूत. मी डाळ-तांदूळ नेले होते, तिने आधी मलाच चहा दिला. तुझा लेख तिला कोणीतरी वाचून दाखवलाय. तिने ना न्याय मागितला, ना शाप दिला. फक्त एक विचारलं, “गाडी चालवणारा थांबला होता का? खाली उतरून बघितलं का त्याने?” मला म्हणाली, तुम्ही मोठ्या घरातल्या, तुम्हाला माहीत असेल. मी चहा तसाच ठेवला. गेल्या कित्येक वर्षांत मला एवढी लाज वाटली नव्हती. रमदानचीही तिकडे नाईलकाठी बायको आहे. ती कोणाला काय विचारत असेल?

आता कशासाठी लिहिते आहे ते सांगते. खलफ मेला त्या संध्याकाळी मी अताल्लाकडे होते. मामीबरोबर अंगणात वेलीची पानं गुंडाळत होते. गाडी आत आली, पुढचा दिवा फुटलेला. चालकाच्या बाजूने यझन उतरला आणि नळाजवळ जाऊन ओकला. रमदान गाडीत नव्हताच, तो आमच्या डोळ्यांसमोर कोंबड्यांना दाणे टाकत होता. मी दुसऱ्या दिवशी तुला फोन केला, आणि माझं नाव कधीही घेणार नाहीस अशी शपथ तुझ्याकडून घेतली. तू ती पाळते आहेस. रविवारीही पाळशील, तोंड उघडणार नाहीस, आणि ते तुला आत टाकतील, हे मला स्वच्छ दिसतंय. म्हणून ही शपथ मी परत घेते. काल बाबांना सगळं सांगितलं.  त्यांनी एवढंच विचारलं, “स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंस?” मी हो म्हटलं. ते उठले, अंगणात जाऊन आले, आणि म्हणाले, रविवारी पहाटे निघू, उशीर नको. भाऊ मला पुन्हा बहीण म्हणणार नाही. पण नौफाला उत्तर द्यायला दुसरं कोणी उरलेलं नाही. सरकारी वकिलाने विचारलं की कोणी सांगितलं, तर खाली बघू नकोस, माझ्याकडे बोट दाखव. मी बाहेरच्या बाकावर बसलेली असेन. नाव नीट लिहून घ्यायला सांग. फिद्दा सुलेमान, अताल्ला सुलेमानची सख्खी बहीण.

तुझीच,
आई